विल्नोचे निशाण, फेरिचची वही

लंडनच्या पश्चिम भागातून ऑक्सफर्डकडे जाणाऱ्या वेस्टर्न अव्हेन्यूवर, साउथ रायस्लिपजवळ, एक मोठा चौक आहे. रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातम्यांत त्याचे नाव ‘पोलिश वॉर मेमोरियल’ असेच येते. या भागात राहणारी माणसे ‘मेमोरियलला डावीकडे वळा’ असे इतक्या सहजपणे सांगतात, की ते स्मारक नेमके कोणाचे, हा प्रश्न मनात येईपर्यंत वर्षे निघून जातात. माझीही चार वर्षे अशीच गेली. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी गाडी बाजूच्या गल्लीत लावली आणि तिथे चालत गेलो. फिकट दगडाचा उंच स्तंभ, माथ्यावर पंख उचललेला कांस्याचा गरुड, भिंतीवर कोरलेली, महायुद्धात गेलेल्या पोलिश हवाई दलाच्या माणसांची नावेच नावे, आणि पायथ्याशी काचेच्या भांड्यांत तेवणारे लाल-पांढरे दिवे. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी पोलिश माणसे आपल्या गेलेल्यांच्या कबरींवर दिवे लावतात. आपल्याकडच्या सर्वपित्रीला जे मनात असते, तेच त्यांच्या मनात असते. हे स्मारक उघडले गेले तेही २ नोव्हेंबरलाच, १९४८ साली.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ‘पोलिश’ हा शब्द अगदीच परका नसतो. शहराशेजारी वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि ती उठल्यावर त्याच जागी फाळणीत घरे गमावलेल्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला. आज कापडाच्या खरेदीसाठी आपण ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. माझ्या आजीला त्या पोलिश बायका बाजारात येताना आठवत असत. त्या खुणांनी भाव करायच्या, पैसे नीट मोजून द्यायच्या, आणि घरचे पुरुष कुठे आहेत असे कोणी विचारले की हाताने दूर कुठेतरी दाखवायच्या, असे ती सांगत असे. ते ‘दूर’ म्हणजे कुठे, हे आजीला कळण्याचा मार्ग नव्हता. त्या वसाहतीत मुख्यतः बायका आणि मुले होती, कारण त्यांचे नवरे, भाऊ आणि मोठे मुलगे पोलिश सैन्यात होते. स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलून नेलेले हे लोक १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडले, तेव्हा बहुतेक पुरुष पायदळात गेले आणि काही तरुणांना हवाई दलासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. वळिवड्याच्या बायकांचा हात ज्या दिशेला जायचा तिथलीच काही माणसे या दगडावर असू शकतील, ही कल्पना त्या रविवारी माझ्या मनात पहिल्यांदा आली, आणि तेव्हापासून मी या वैमानिकांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे.

जे वाचले त्यातून एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. पोलिश वैमानिकांची जी प्रतिमा पुढे रूढ झाली ती बेफाम माणसांची आहे. देश गेल्यामुळे सूडाने पेटलेले, जिवाची पर्वा नसलेले, आदेश न जुमानता शत्रूवर तुटून पडणारे, अशी. ही प्रतिमा कौतुकाने रंगवलेली असते, तरीही तिच्यात त्यांच्यावर अन्याय आहे असे मला वाटते, कारण तिच्यामुळे त्यांचे कसब झाकले जाते आणि फक्त त्यांचा राग दिसत राहतो.

मुळात ही माणसे नवशिकी नव्हती. पोलंडच्या हवाई दलाची अधिकारी प्रशाला देंब्लिन या गावात होती, आणि तिथून बाहेर पडलेल्या तरुणांकडे विमाने मात्र जुनी होती. पेझेटेल पी-११ हे त्यांचे लढाऊ विमान १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तम गणले गेले होते. खांद्यापाशी वाकलेले पंख, वैमानिकाच्या डोक्यावर छत नाही, चाके कायम खाली. १९३९ साली त्याच्यासमोर मेसरश्मिट १०९ आले, तेव्हा दोघांच्या वेगात ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक फरक होता. पोलिश विमानाला दोन, क्वचित चार मशीनगनी होत्या आणि रेडिओ मोजक्याच विमानांत होता. अशा विमानाने उडणाऱ्या माणसाला दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक म्हणजे आकाश सतत, सगळ्या दिशांनी, स्वतःच्या डोळ्यांनी चाळत राहणे, कारण शत्रू कुठे आहे हे सांगणारे दुसरे कोणी नसते. दुसरी म्हणजे अगदी जवळ जाऊन मारणे, कारण दुरून मारलेल्या थोड्या गोळ्यांनी काहीच साधत नाही. पुढे इंग्रजांना जो बेफामपणा वाटला, त्यातला बराचसा भाग टंचाईत शिकलेल्या शहाणपणाचा होता.

जर्मनांनी पोलिश हवाई दल पहिल्याच दिवशी जमिनीवर नष्ट केले, हे वाक्य मीही शाळकरी वयात कुठेतरी वाचले होते आणि खरे मानले होते. ते खरे नाही. युद्ध सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत लढाऊ तुकड्या आपले नेहमीचे तळ सोडून शेतांतल्या आणि रानातल्या छुप्या धावपट्ट्यांवर पांगल्या होत्या, आणि १ सप्टेंबर १९३९च्या पहाटे जर्मन बॉम्ब पडले ते बहुतांशी रिकाम्या केलेल्या तळांवर. त्याच पहाटे क्राकोव्हजवळच्या बालित्से इथून कॅप्टन म्येचिस्वाव मेद्वेत्स्की आणि व्वादिस्वाव ग्निश यांनी उड्डाण केले. मेद्वेत्स्की तिथेच पडले, आणि या महायुद्धात हवेतल्या लढाईत मारले गेलेले दोस्त राष्ट्रांचे ते पहिले वैमानिक ठरले. ग्निश बचावले आणि थोड्याच वेळात त्यांनी दोन जर्मन बॉम्बर पाडले. मेद्वेत्स्कींना पाडणारा जर्मन वैमानिक फ्रांक नॉयबर्ट हाही युद्धातून जिवंत राहिला, आणि १९८९ साली, पन्नास वर्षांनी, तो आणि ग्निश एकमेकांना भेटले. दोघेही तेव्हा म्हातारे होते. त्या भेटीत ते काय बोलले असतील याचा विचार मी अनेकदा केला आहे.

वॉर्साच्या रक्षणासाठी नेमलेली लढाऊ ब्रिगेड पहिल्या दिवसापासून शहरावरच्या आकाशात झुंजली. पण १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत शिरले आणि मग लढण्यासाठी जमीनच उरली नाही. वैमानिकांना रुमेनियात जाण्याचा आदेश मिळाला. रुमेनियाने त्यांना छावण्यांत ठेवले. तिथून ते खोटी कागदपत्रे, साधे कपडे आणि पहारेकऱ्यांच्या हातावर ठेवलेले पैसे यांच्या जोरावर निसटले, आणि काळ्या समुद्रावरच्या बाल्चिक बंदरातून बैरुतला व तिथून मार्सेयला पोचले. फ्रान्समध्ये थोडी उड्डाणे, पुष्कळ वाट पाहणे, आणि १९४०च्या जूनमध्ये तोही देश शरण गेला. पुन्हा बंदरे, पुन्हा जहाजे. इंग्लंडला ते ‘शेवटच्या आशेचे बेट’ म्हणत असत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती, कारण त्यापुढे पश्चिमेला फक्त महासागर होता. त्या उन्हाळ्यापर्यंत पोलिश हवाई दलाची सुमारे आठ हजार माणसे, वैमानिक आणि तंत्रज्ञ मिळून, या बेटावर पोचली होती. दहा महिन्यांत तीन देश पालथे घालून एखादे हवाई दल आपल्या विमानांशिवाय, पण माणसांसकट दुसरीकडे जाऊन उभे राहते, ही गोष्ट नुसत्या संतापाने घडत नाही. त्यासाठी हुद्दे पाळावे लागतात, याद्या ठेवाव्या लागतात, मागे राहिलेल्याची वाट पाहावी लागते.

ब्रिटिशांना त्यांच्याविषयी शंका होती. ब्रिटनच्या लढाऊ विमानांचे दल असलेल्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनाही होती. हरलेली माणसे, भाषा येत नाही, ती आपल्या नियंत्रण यंत्रणेत कशी बसायची? या शंकेत तथ्य होते, म्हणून पुढचे काही आठवडे शिकण्यात गेले. पोलिश आणि फ्रेंच विमानांत वेग वाढवायचा तर थ्रॉटल मागे ओढायचा असे, ब्रिटिश विमानांत तो पुढे ढकलायचा. हाताला वर्षानुवर्षांची सवय लागलेली असताना ती नेमकी उलटी करायची, आणि तीही अशा विमानात जिथे एका चुकीने प्राण जाऊ शकतात. उंची मीटरऐवजी फुटांत, वेग किलोमीटरऐवजी मैलांत, इंधन गॅलनांत. पी-११ची चाके कायम खाली असत, हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची उतरण्याआधी आठवणीने खाली घ्यावी लागत. रेडिओवरचे आदेश समजावेत म्हणून त्यांना अक्सब्रिजला एका मैदानावर तीन चाकी सायकलींवर बसवून, कानांना हेडफोन लावून, इंग्रजी सूचनांप्रमाणे वळायला लावले गेले. शेकडो तासांचे उड्डाण झालेली, लढाईतून आलेली माणसे सायकली फिरवत होती. अनेकांना ते अपमानकारक वाटले, आणि तरीही त्यांनी ते केले. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे धैर्य त्या सायकलींवर आहे. स्वतःला येते ते विसरून परक्या भाषेत पहिल्यापासून शिकणे म्हणजे काय, हे ज्याने परदेशात जाऊन काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

आणखी एक बाब त्यांनी सोडली नाही. सुरुवातीला त्यांना ब्रिटिश राखीव हवाई दलात भरती करून इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला लावण्यात आले होते. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. ऑगस्ट १९४०च्या करारानंतर पोलिश हवाई दल हे स्वतंत्र पोलंडचे दल म्हणून मान्य झाले. लढाईचे आदेश ब्रिटिशांचे, पण बिल्ले, निशाण आणि शपथ पोलंडची.

३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, २ ऑगस्टला नॉर्थोल्टच्या तळावर उभी राहिली. तो तळ आजच्या स्मारकापासून अगदी जवळ आहे. तिचे नाव तादेउश कोश्चुश्को यांच्यावरून होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले आणि मग १७९४ साली आपल्या देशात रशियाविरुद्ध उठाव करणारे हे सेनानी. त्या उठावात शेतकरी गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्यांची पाती सरळ करून लढायला आले होते, म्हणून स्क्वाड्रनच्या चिन्हावर एकमेकांवर रोखलेली तशी दोन पाती आणि चौकोनी पोलिश टोपी आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडच्या बाजूने लढायला आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांनी ते चिन्ह घडवले, म्हणून भोवती तारे आणि पट्टेही आहेत. नेतृत्व दुहेरी होते: ब्रिटिशांकडून रोनाल्ड केलेट, पोलिशांकडून ज्दिस्वाव क्रास्नोदेम्ब्स्की. एका फ्लाइटचा, म्हणजे स्क्वाड्रनमधल्या एका गटाचा, प्रमुख कॅनेडियन जॉन केंट होता, आणि पोलिशांनी त्याचे ‘केंटोव्स्की’ करून टाकले.

३० ऑगस्टला सरावाचे उड्डाण चालू असताना लुद्विक पाश्कयेविच यांना दूरवर जर्मन विमाने दिसली. त्यांनी रेडिओवरून कळवले, उत्तर आले नाही, तेव्हा ते रांगेतून बाहेर पडले आणि त्यांनी एक विमान पाडले. ही घटना नेहमी बेशिस्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला त्यात दिसते ते असे, की बाकीच्या साऱ्यांच्या आधी त्यांना शत्रू दिसला आणि त्यांनी तो आधी कळवला. ओरडा मिळायचा तो मिळाला, पण दुसऱ्या दिवशीपासून स्क्वाड्रनला लढाईत उतरण्याची परवानगीही मिळाली.

जर्मन हवाई दलाने इंग्लंडवर चढवलेल्या हल्ल्यातले, म्हणजे ‘ब्रिटनच्या लढाई’तले, त्यानंतरचे जेमतेम सहा आठवडे पुढे इतिहासात गेले. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश नियमांप्रमाणे मशीनगनींचे झोत सुमारे चारशे यार्डांवर एकत्र येतील असे लावलेले असत. पोलिश वैमानिक त्याहून खूप जवळ, समोरचे विमान काचेत मावेनासे होईपर्यंत, थांबून मग मारत. त्यांनी सांगितलेले आकडे इतके मोठे होते, की तळाचे प्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट यांचा त्यावर विश्वास बसेना. म्हणून ते स्वतः एकदा विमान घेऊन त्यांच्या मागोमाग गेले, वरून पाहत राहिले, आणि परत आल्यावर त्यांनी आपली शंका मागे घेतली. लढाई संपली तेव्हा ३०३च्या नावावर १२६ विमाने लागली होती. नंतरच्या संशोधनात हा आकडा पुष्कळ खाली आला, जसा त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या जवळजवळ सगळ्याच तुकड्यांचा आला. ढगांत, धुरात, सेकंदांच्या हिशोबात एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात. खाली आलेला आकडाही त्या काळातल्या उत्तम स्क्वाड्रनांच्या पंक्तीत बसणारा आहे, आणि मला आकड्यांत याहून अधिक रस नाही.

कारण त्याच सहा आठवड्यांत दुसरीकडे दुसरा हिशोब चालू होता. ६ सप्टेंबरला क्रास्नोदेम्ब्स्की पेटत्या विमानातून बाहेर पडले. त्यांचे भाजलेले शरीर पुढे ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या शस्त्रक्रियांनी सांधले गेले. त्यांच्या जागी विटोल्ड उर्बानोविच आले. २७ सप्टेंबरला पाश्कयेविच इंग्लंडच्या केंट परगण्यात पडले. ८ ऑक्टोबरला योसेफ फ्रान्टिशेक गेले. ते झेक होते, आपला देश आधीच गमावून पोलंडला आले होते, आणि पोलिशांसोबतच राहिले होते. त्यांच्या नावावर सतरा विमाने होती. गस्तीवरून परतताना सरेमध्ये त्यांचे विमान कोसळले. ब्रिटनच्या लढाईत पोलिश वैमानिक होते १४५. आधी शंका घेणाऱ्या डाउडिंग यांनी नंतर लिहून ठेवले, की पोलिश स्क्वाड्रन नसत्या तर लढाईचा निकाल हाच लागला असता असे म्हणायला आपण धजणार नाही.

आणि या सगळ्यात मिरोस्वाव फेरिच वही लिहीत होते.

फेरिच यांचा जन्म बोस्नियातल्या त्राव्निकचा. वडील क्रोएशियन, ते पहिल्या महायुद्धात गेले. आई पोलिश, शिक्षिका. ती मुलांना घेऊन पोलंडला परतली. म्हणजे हा माणूस आईच्या देशाचा. १ सप्टेंबर १९३९ रोजी, वॉर्साबाहेरच्या धावपट्टीवर, त्यांनी नोंदी लिहायला सुरुवात केली. त्या त्यांच्यासोबत रुमेनियातून, फ्रान्समधून इंग्लंडला आल्या. नॉर्थोल्टला त्या वैयक्तिक नोंदींची स्क्वाड्रनची बखर झाली. लढाई करून कोणी उतरला, की फेरिच वही त्याच्यासमोर धरत आणि काय झाले ते स्वतःच्या हाताने लिही म्हणत. थकलेल्या, नुकत्याच मरणातून सुटलेल्या माणसाच्या मागे वही घेऊन लागणारा हा सहकारी किती जणांना नकोसा झाला असेल! पण त्यांनी लिहिले, आणि म्हणून आज त्या बखरीत वेगवेगळी अक्षरे आहेत. पानांवर छायाचित्रे आहेत, कात्रणे आहेत. त्यातली कित्येक अक्षरे ज्यांची, ती माणसे त्या महिन्याअखेरीस नव्हती.

१४ फेब्रुवारी १९४२ रोजी नॉर्थोल्टवरच फेरिच यांचे स्पिटफायर हवेत मोडले. ते बाहेर पडू शकले नाहीत. बखर मात्र थांबली नाही, दुसऱ्यांनी ती पुढे चालू ठेवली. मूळ खंड आज लंडनच्या पोलिश संस्थेत आणि सिकोर्स्की संग्रहालयात आहेत. फेरिच स्वतः नॉर्थवुडच्या दफनभूमीत आहेत, माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. पाश्कयेविच आणि फ्रान्टिशेकही तिथेच आहेत.

लढाऊ वैमानिकांचे नाव झाले, पण पोलिश हवाई दलातली पुष्कळ माणसे बॉम्बरवर होती, आणि त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले. १४ सप्टेंबर १९४०च्या रात्री ३०० आणि ३०१ क्रमांकांच्या स्क्वाड्रनांनी फेअरी बॅटल विमानांतून बूलोन्यच्या बंदरात जर्मनांनी इंग्लंडवरच्या स्वारीसाठी गोळा केलेल्या बोटींवर पहिला हल्ला केला. पुढची साडेचार वर्षे, आधी वेलिंग्टन आणि मग लँकेस्टरमधून, लिंकनशरच्या तळांवरून पोलिश माणसे रात्रीमागून रात्री जात राहिली. त्यांच्या मरणाला साक्षीदार नसत. सकाळी फळ्यावर एका नावापुढची वेळ रिकामी राही. नॉटिंगहॅमशरमधल्या न्यूअर्क-ऑन-ट्रेंटच्या दफनभूमीत त्यांच्या कबरींच्या रांगा आहेत. १९४३ साली जिब्राल्टरला विमान अपघातात गेलेले पोलिश पंतप्रधान जनरल सिकोर्स्की हेही पन्नास वर्षे, १९९३पर्यंत, त्यांच्याच सोबतीला होते.

आणि बायका. आना लेस्का, बार्बरा वोइतुलानिस आणि मार्शल पिउसुद्स्कींची कन्या याद्विगा, या तिघींनी इंग्लंडमध्ये कारखान्यांतून तळांवर लढाऊ विमाने पोचवण्याचे काम केले, स्पिटफायरसह. त्यांच्याविषयी मला वेगळे लिहायचे आहे.

या साऱ्या काळातली जी घटना मला सर्वांत असह्य वाटते, ती १९४४च्या ऑगस्टमधली आहे. वॉर्साने जर्मनांविरुद्ध उठाव केला. सोव्हिएत सैन्य व्हिस्तुला नदीच्या पलीकडे येऊन थांबले होते आणि आपल्या धावपट्ट्या वापरू देत नव्हते. त्यामुळे शस्त्रे व औषधे टाकायची, तर इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसीहून निघून, बाल्कन आणि कार्पेथियन ओलांडून, वॉर्साला जाऊन पुन्हा इटलीलाच परतायचे. हे काम ब्रिटिश आणि दक्षिण आफ्रिकी तुकड्यांसोबत १५८६ क्रमांकाच्या पोलिश फ्लाइटने केले. रात्रभराचा प्रवास, वाटेत जर्मन रात्रपाळीची लढाऊ विमाने, आणि शेवटी पेटीचा नेम चुकू नये म्हणून जळणाऱ्या घरांच्या छपरांवरून अगदी खालून जायचे. नकाशाची फारशी गरज नव्हती, कारण आग दुरून दिसत असे. त्या विमानांत अशी माणसे होती ज्यांनी ते शहर पाच वर्षांपूर्वी सोडले होते. आपले गाव पहिल्यांदा पुन्हा दिसले ते असे, वरून, जळताना, आणि उतरायची सोय नाही. मी लिहायला बसतो आणि या वाक्यापाशी दरवेळी थांबतो.

१९४५च्या फेब्रुवारीत याल्टाला झालेल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेची बातमी आली. देशाचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे जाणार होता. पोलिश हवाई दलातल्या कितीतरी माणसांची घरे तिकडेच होती, वळिवड्याच्या बहुतेक कुटुंबांचीही तिकडेच. तरीही उड्डाणे थांबली नाहीत. पोलंडच्या निर्वासित सरकारने लढत राहायला सांगितले आणि ती माणसे लढत राहिली. ५ जुलैला ब्रिटनने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. पुढच्या वर्षी, ८ जून १९४६ला, लंडनमध्ये विजयाचे संचलन झाले. पोलिश वैमानिकांना ब्रिटिश हवाई दलासोबत चालण्याचे निमंत्रण होते, पण इटलीत आणि इतरत्र लढलेल्या त्यांच्या पायदळाला नव्हते. म्हणून वैमानिकांनीही जायला नकार दिला. या नकाराबद्दल मला त्यांच्याविषयी जितका आदर वाटतो, तितका कुठल्याही हवाई विजयाबद्दल वाटत नाही. जे परतले त्यांचे काय झाले, हे स्तानिस्वाव स्काल्स्की यांच्यावरून कळते. युद्धातले पोलंडचे सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक, १९४७ साली मायदेशी गेले, १९४८ साली हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले, आणि त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. ती शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९५६ साली ते सुटले. जे परतले नाहीत ते जगभर पांगले. क्रास्नोदेम्ब्स्की दक्षिण आफ्रिकेला आणि मग कॅनडाला गेले, १९८० साली टोरांटोत वारले. ग्निशही कॅनडात. उर्बानोविच मायदेशी जाऊन पुन्हा निघाले आणि न्यूयॉर्कला गेले.

आता त्या निशाणाविषयी. १९४० साली, फ्रान्समध्ये असलेल्या पोलिश वैमानिकांच्या मनात आपल्या दलाला स्वतःचे निशाण असावे असे आले, आणि ते परक्या भूमीवर न शिवता पोलंडमध्येच शिवले जावे असे ठरले. निरोप गुप्तपणे विल्नो शहरात पोचला. तिथल्या बायकांनी, सोव्हिएत सत्ता येत असताना, ते लपवून भरतकामाने तयार केले. त्यावर विल्नोच्या ओस्त्रा ब्रामा वेशीवरची माता मेरी आहे, संत तेरेझा आहे, ‘विल्नो १९४०’ अशी अक्षरे आहेत, आणि एक ओळ आहे, ‘प्रेम त्याग मागते’. जपानी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मदतीने ते युरोपातून बाहेर काढले गेले. १६ जुलै १९४१ रोजी, लिंकनशरमधल्या स्विंडरबीच्या तळावर, सिकोर्स्कींनी ते हवाई दलाच्या हाती दिले. त्यानंतर ते दर तीन महिन्यांनी एका स्क्वाड्रनकडून दुसरीकडे जात असे. घरी राहिलेल्या बायकांनी टाके घातले आणि दूर गेलेल्या पुरुषांनी ते पाळीपाळीने सांभाळले. वळिवड्यात टपालाची वाट पाहणाऱ्या बायकांचा विचार करताना मला हे टाके आठवतात.

युद्ध संपले, पण निशाण परत गेले नाही. ज्या देशाच्या नावाने ते शिवले होते तो त्यांच्या लेखी अजून स्वतंत्र झाला नव्हता, म्हणून ते लंडनमध्येच राहिले. १९९२च्या सप्टेंबरमध्ये उरलेल्या म्हाताऱ्या वैमानिकांनी ते वॉर्साला नेऊन स्वतंत्र पोलंडच्या हवाई दलाकडे सोपवले. विल्नो तोवर व्हिल्निअस होते, लिथुआनियाची राजधानी. निशाण आज देंब्लिनला आहे, ज्या गावात यांतल्या बहुतेकांनी पहिल्यांदा विमानाचा थ्रॉटल हातात घेतला आणि मागे ओढला होता.

गेल्या नोव्हेंबरात मी नॉर्थवुडला गेलो होतो. पाऊस पडून गेला होता आणि काही दिवे विझले होते. एक वयस्क बाई ओल्या काडेपेटीशी झटापट करत होत्या. माझ्याकडे निरांजनासाठी घेतलेला लायटर होता. आम्ही दोघांनी मिळून फेरिचच्या रांगेतले दिवे एकेक करून पुन्हा लावले. काम संपल्यावर त्यांनी मी कुठला म्हणून विचारले. मी कोल्हापूर म्हणालो, आणि मग, का कोण जाणे, वळिवडे असेही म्हणालो. त्यांनी ते नाव माझ्याहून वेगळ्या आघाताने, पण अगदी स्पष्ट, पुन्हा उच्चारले. त्यांची आई तिथे शाळेत होती.